हाकेला न येणारा

तमिळनाडूतल्या राजपाळयममध्ये पांढऱ्या कुत्र्याला हाक मारली आणि तो आला नाही, तर कुणी नाराज होत नाही. उलट मान डोलावतात. ‘अस्सल आहे,’ म्हणतात. हाकेसरशी शेपूट हलवत धावत यायला तो काय ऐरागैरा आहे? गावाचं नाव लावणारा कुत्रा तो. अंगावर काळा केस शोधून सापडायचा नाही, नाक गुलाबी, डोळे सोनेरी, आणि चालणं असं, की जणू रस्ता त्याच्या पणजोबांनीच बांधलाय. त्याला वाटलं तर येईल. नाही वाटलं तर तुम्ही उठा आणि त्याच्याकडं जा.

कोदैने हे वर्गात इतक्यांदा ऐकवलं होतं, की मैत्रिणी तिच्याआधीच वाक्य पुरं करायच्या. करू देत. अकरावीला गेल्यापासून कोदै कुणाच्या हसण्याला भीक घालत नव्हती. वक्तृत्वात पहिली आली होती, सायकल जाऊन स्कूटर आली होती, आणि घरी संगू होता. तिचे आजोबा सिंगा राजा, ज्यांना अख्खी आळी ताता म्हणायची, त्यांनी चाळीस वर्षं राखलेल्या कुत्र्यांच्या घराण्यातला सगळ्यात देखणा नर. शंखासारखा पांढरा, म्हणून नाव संगू. कोईमतूरहून, बेंगळूरहून लोक आपल्या माद्या गाडीत घालून यायचे आणि ओसरीवर कॉफी पीत ताता ‘हो’ म्हणायची वाट बघायचे.

तोच संगू काल तुळसीला चावला.

तुळसी म्हणजे समोरच्या रंगन मामाची चार वर्षांची मुलगी. रोज यायची, संगूच्या पोटाला टेकून चित्रं काढायची. काल आली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून गाढ झोपला होता. हिच्या हातात जाईचा गजरा. तो त्याच्या गळ्यात घालायचा म्हणून मागून गेली, वाकली आणि मिठी मारली. कोदै तेव्हा दारातच वेणी घालत उभी होती. संगू झोपेतच उसळला, जबडा एकदाच मिटला, आणि त्यानंतर त्याला दिसलं, की ही तुळसी आहे. मग तो मागं सरकायला लागला. भिंतीला पाठ टेकली तरी पाय सरकतच राहिले.

गालाला टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. संगूला दरवर्षी लस टोचलेली होती, तरी पोरीला सुया सोसाव्या लागल्याच. आणि आळीचा नियम तर सगळ्यांना तोंडपाठ: लेकराचं रक्त काढलेला कुत्रा आळीत ठेवायचा नाही, आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन बांधायचाही नाही. संध्याकाळी पाचला चावडीवर बैठक. जनावरांचे डॉक्टर शेवटच्या सुईची पेटी घेऊन येणार. सगळ्यात वाईट म्हणजे, हा नियम फार पूर्वी चावडीवर ज्यांनी मांडला, ते ताताच होते.

संगूला मागच्या गोठ्यात बांधलं होतं. गाय गेल्यापासून गोठा रिकामाच होता. एरवी तो वैजयंतीच्या शेजारी झोपायचा. वैजयंती त्याची सावत्र बहीण आणि आता त्याच्या पिल्लांची आई. ती माजघरामागच्या खोलीत पिल्लं घेऊन पडली होती. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच संगू अगदी एकटा होता. तोंडाला बँडेजच्या कापडाची पट्टी. इथं घराघरात तेच कापड विणतात. तुळसीच्या गालावरही तेच होतं.

दुपारी कोदै त्याच्यासाठी ताकभात घेऊन गेली. शाळेला दांडी मारली होती, अम्माने विचारलंसुद्धा नव्हतं. संगू गोठ्याच्या गारव्यात डोळे मिटून पडला होता. रात्रभर उभाच होता म्हणे, आता कुठं अंग टाकलं होतं. त्याला उठवावं की झोपू द्यावं, अशा विचारात ती दाराशी थबकली, आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला.

गिरणीच्या भोंग्याला राजपाळयमची झाडून सगळी कुत्री रडतात. पहिलं कुठलं तरी एक सुरू करतं, मग आळीआळीतून गळे वर होतात, डोंगरापर्यंत. संगूही रडायचा, वैजयंतीच्या शेजारी बसून, मान ताणून, अगदी मन लावून. कोदै त्याची नक्कलसुद्धा करायची.

आजही भोंगा झाला. घरातून वैजयंतीचा आवाज आला, मग देवळापलीकडून, मग सगळीकडून. पत्र्याचं छप्पर थरथरावं इतका गलका.

संगू झोपलेलाच.

कानसुद्धा हलला नाही. पोट संथ वर येत होतं, खाली जात होतं.

कोदै तिथंच उभी. आधी तिला वाटलं, गेला. मग पोट दिसलं. मग डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका वाईट होता, की तिने ताटली खाली ठेवली. ती त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली आणि टाळी वाजवली. काही नाही. कोपऱ्यातलं घमेलं उचलून विळ्याच्या मुठीने जोरात वाजवलं. तिचेच दात शिवशिवले. शेजारच्या छपरावरचे कावळे उडाले. संगू झोपला होता.

मग तिने नुसता पाय आपटला, जमीन हादरली, आणि तो ताडकन उठून बसला.

‘देवा,’ ती पुटपुटली. त्याने वळून तिच्या तोंडाकडं बघितलं. नेहमी बघायचा तसंच, टक लावून. ह्या बघण्यावर तिने निबंध लिहिला होता, ‘त्याच्या डोळ्यांत राजाचा रुबाब आहे’ वगैरे. रुबाब कसला. तो बिचारा तोंडं वाचत होता. वैजयंतीची मान वर झाली की आपली वर करायची, ताता उठले की उठायचं, सगळे फाटकाकडं बघतात म्हणून फाटकाकडं बघायचं. तीन वर्षं तो असा आळीभर फिरला, आणि आळी म्हणत राहिली, काय तोरा आहे.

ती धावत स्वयंपाकघरात गेली. अम्मा कैऱ्यांच्या फोडींना मीठ लावत होती.

‘अम्मा, संगू बहिरा आहे.’

अम्माचा हात फोडींतच थांबला. पण तिने वर बघितलं नाही. ‘हळू बोल.’

‘हळू काय? तो तुळसीला मुद्दाम नाही चावला. त्याला कळलंच नाही ती आली ते. झोपेत कुणी मागून गळा धरला तर तू काय करशील?’

‘मी म्हटलं हळू बोल.’ अम्माने हात धुतले, पदराला पुसले. ‘आणि हे ताताला सांगायला जाऊ नकोस.’

‘का?’

‘कारण त्यांना आज एक कुत्रा घालवायचाय. तू त्यांचं सगळंच घालवायला निघालीस.’

कोदैला हे कळलं, आणि कळलं म्हणूनच ती तरातरा ओसरीवर गेली.

ताता आरशासमोर बसून मिशी कातरत होते. नेसायला कडक वेष्टी, खांद्यावर जरीकाठी उपरणं. चावडीला जायचं म्हणजे असंच जायचं, मग तिथं सत्कार असो की शिक्षा. तिने एका दमात सगळं सांगितलं: भोंगा, घमेलं, पाय आपटणं. वक्तृत्वात पहिली आलेली पोरगी, पण तिचं वाक्य धड जुळत नव्हतं.

‘झालं?’ ताता आरशातूनच म्हणाले.

‘ताता, तुम्ही स्वतः चला. मागून हाक मारून बघा.’

‘राजपाळयम आहे तो, कोदम्मा. हाकेला यायला काय पोस्टमन आहे?’

‘घमेलं वाजवलं मी. कावळे उडाले.’

‘कावळे घाबरट असतात.’

‘आणि गेल्या वर्षीचं ते पिल्लू? काळ्या कानाचं? दुधाचं भांडं नुसतं कट्ट्यावर ठेवलं तरी ते माजघरातून धावत यायचं. तुम्ही त्याला डाग म्हणालात आणि आंब्याच्या बागेत देऊन टाकलंत. दर वेताला डागाची पिल्लं जातात आणि पांढरीफेक राहतात. मग पांढऱ्याला पांढरी, बहिणीला भाऊ. आमच्या जीवशास्त्राच्या बाई सांगत होत्या, कानाच्या आतसुद्धा रंग लागतो, ताता. तो नसेल तर ऐकायचं यंत्रच सुकून जातं. आपण चाळीस वर्षं ऐकणारी पिल्लं वेचून वेचून घराबाहेर...’

कात्री खाली ठेवल्याचा आवाज झाला.

ताता वळले. डोळे लाल होते. रात्री झोपले नव्हते, हे तिला तेव्हा दिसलं.

‘ऐक. कुत्रा चावला, तर तो त्या एका कुत्र्याचा दोष. मी मान खाली घालून चावडीवर जाईन, त्याला मांडीवर घेऊन सुई टोचून घेईन, आणि लोक म्हणतील, सिंगा राजाने शब्द पाळला. बहिरा म्हटलंस, की तो घराण्याचा दोष झाला. त्याच्या आईचा, तिच्या बापाचा, ह्या आळीत दारोदार माझा कुत्रा बसलाय त्या प्रत्येकाचा. कळतंय तुला?’

‘कळतंय. पण मग संगूने मरायचं का? तुमचं घराणं चांगलं दिसावं म्हणून?’

असं ताताला आजवर कुणी बोललं नव्हतं. ताता उपरणं सारखं करून उठले.

‘चावडीवर यायचं नाही तू,’ ते म्हणाले.

पाचच्या आधीच ती चावडीच्या पायऱ्यांशी उभी होती. काखेत घरातलं पितळी ताट, हातात लाटणं.

चावडी म्हणजे उंच दगडी जोतं, वर जुने लाकडी खांब. आळीतली मोठी माणसं वर बसतात, बायका खाली उभ्या राहतात, आणि शाळेतल्या पोरी तिथून सरळ पुढं निघून जातात. मधोमध बसले होते बंगारू राजा, चावडीचे थोरले; वय फार, दात थोडे, जीभ मात्र शाबूत. एका बाजूला डॉक्टर, पेटी मांडीवर धरून, जणू तीच पळून जाईल. समोर रंगन मामा उभा. सदऱ्यावर कालचा रक्ताचा डाग तसाच होता. बदलला नव्हता, की मुद्दाम ठेवला होता, कोण जाणे. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

तातांनी संगूला जोत्यावर आणलं. तोंडाची पट्टी सोडली होती. ‘माझ्या हातात आहे,’ एवढंच म्हणाले. संगू बसला आणि एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागला.

‘बोलण्यासारखं काही आहे का, सिंगा?’ बंगारू राजांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग डॉक्टर...’

‘मला आहे,’ कोदै म्हणाली, आणि पायऱ्या चढली.

‘ही कोण?’ बंगारू राजा डोळे बारीक करून म्हणाले. ‘सिंगाची नात ना? आणि ताट कशाला आणलंस गं? जेवायला वाढणारेस?’

दोघंतिघं हसले. ताता हसले नाहीत. ‘खाली जा,’ ते म्हणाले.

‘संगू बहिरा आहे,’ कोदै म्हणाली. ‘जन्मापासून. तो चावरा नाही. तुळसी मागून आली ते त्याला कळलंच नाही. मी दाखवते.’

‘बहिरा?’ रंगन मामाचा आवाज चिरकला. ‘काल माझ्या पोरीचा गाल फाडला आणि आज बहिरा? उद्या म्हणशील आंधळा पण आहे, परवा सांगशील त्याला दातच नाहीत.’

‘मामा, एकदाच बघा.’

बंगारू राजांनी हात वर केला. ‘बघू दे रे. डॉक्टर काय, पाच मिनिटांनी पण टोचतील.’

कोदै संगूच्या मागं गेली. ताट उंच धरलं, आणि हातातल्या लाटण्याने हाणलं. तो आवाज चावडीच्या छपराखाली असा घुमला, की डॉक्टरांची पेटी मांडीवरून घसरली, बंगारू राजांनी कानावर हात नेले, पुढचे सगळे दचकले.

आणि संगू वळला.

सरळ मान वळवून त्याने कोदैकडं बघितलं. चावडीवर खसखस पिकली.

‘ऐकलं की बाई त्याने,’ कुणीतरी म्हणालं. ‘तुझ्यापेक्षा चांगलं ऐकलं.’

‘झालं?’ रंगन मामा म्हणाला. तो एकटाच हसत नव्हता. ‘झाला तमाशा? डॉक्टर, उठा.’

डॉक्टर उठले. पेटीची कडी निघाल्याचा आवाज आला. दुपारी तर हलला नव्हता. दुपारी काय वेगळं होतं? ती संगूकडं बघत राहिली आणि संगू तिच्याकडं, आणि मग त्याची नजर तिच्यावरून निघून बंगारू राजांच्या तोंडावर गेली, तिथून डॉक्टरांच्या.

‘तुम्ही दचकलात,’ ती म्हणाली. ‘थांबा. डॉक्टर, थांबा ना. तुम्ही सगळे दचकलात आणि माझ्याकडं बघितलंत. म्हणून त्याने बघितलं. तो तुमच्या तोंडांवरून ऐकतो. पुन्हा करते, पण कुणी हलायचं नाही. डोळेसुद्धा नाही.’

‘आता आम्ही पुतळे होऊन बसायचं?’

‘हो,’ ती बंगारू राजांना म्हणाली. ‘लग्नाचा फोटो काढताना बसता तसं.’

म्हाताऱ्याच्या ओठाचा कोपरा हलला. ‘माझ्या लग्नाला फोटोवालाच नव्हता गं. पण बसू.’

‘ताट नको,’ रंगन मामा मध्येच म्हणाला. तो पुढं आला. त्याचा आवाज आता खाली गेला होता, आणि ते जास्त भीतिदायक होतं. ‘ताट, लाटणं, हे पोरखेळ बंद करा. ह्या कुत्र्याला खायला घालणारा, जन्मल्यापासून वाढवलेला माणूस इथं बसलाय ना? त्याने मागं उभं राहून हाक मारावी. सिंगा राजाचा आवाज डोंगरावर ऐकू जातो, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने हाक मारून कुत्रा वळला नाही, तर मी मानतो.’

सगळे ताताकडं बघायला लागले.

ताता खूप वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी साखळी कोदैच्या हातात दिली, तिला संगूच्या पुढं बसायला खुणावलं, आणि सावकाश चालत मागं गेले. संगू त्यांच्यामागं वळायला लागला तेव्हा कोदैने त्याची हनुवटी धरून आपल्याकडं केली. त्याने तिच्या मनगटाला नाक लावलं. ओलं, गार.

चावडी खरंच फोटोसारखी बसली. रंगन मामासुद्धा. कोदैनेही तोंड कोरं केलं. पण संगूच्या कानांच्या मधून तिला मागचं दिसत होतं. ताताचा चेहरा नाही, नुसते पाय. वेष्टीचा काठ, आणि अनवाणी उजवा पाय.

त्या पायाची टाच वर उचलली गेली.

आणि एकदम तिला आठवलं. रोज पहाटे ताता ओसरीवर येतात. ‘संगू’ म्हणतात. आणि पाय आपटतात. नेहमी. संगूच्या आईलाही असंच उठवायचे. त्याने म्हणे कुत्र्याला धाक राहतो. लहानपणापासून तिने हे पाहिलं होतं, आणि घरातल्या कुणालाच त्यात कधी काही दिसलं नव्हतं.

टाच वरच होती. जोतं दगडाचं, पण संगू बसला होता आणि मागं ताता उभे होते, ती लाकडी फळी एकच होती. टाच खाली आली असती, तर फळी थरारली असती, संगू वळला असता, आणि घराणं वाचलं असतं. ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण तोंड उघडलं तर संगू तिचं तोंड वाचणार. ती दगडासारखी बसून राहिली. साखळी हातात रुतत होती.

टाच खाली आली. हळूच, एखाद्याने झोपलेल्या लेकराशेजारून जाताना टेकवावी तशी.

‘संगू,’ तातांनी हाक मारली.

पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला. असा आवाज.

संगूने कोदैचं मनगट चाटलं.

‘संगू.’ ह्या वेळी आणखी मोठ्यांदा. आणि मग अगदी हळू, घरात बोलावं तसं, ‘संगू, ये रे.’

संगूने जांभई दिली आणि पुढच्या पायांवर डोकं टेकवलं.

ताता मागून पुढं आले, संगूच्या शेजारी जमिनीवर बसले. संगूची शेपटी फळीवर आपटायला लागली.

‘बहिरा आहे,’ ते म्हणाले. ‘याची आईसुद्धा होती.’

‘म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,’ रंगन मामा म्हणाला.

‘ठाऊक करून घेतलं नाही मी. डाग नको होता मला. बाकी काही बघितलंच नाही.’

‘आणि माझ्या तुळसीच्या गालावरचे टाके? ते कुणाचे? कुत्र्याचे नाहीत म्हणता, तर कुणाचे?’

‘माझे,’ ताता म्हणाले.

भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी भिंतच काढून घ्यावी, तसं रंगन मामाचं झालं. तो वळला, पायऱ्यांपर्यंत गेला, आणि तिथं थांबला. पाठ सगळ्यांकडंच होती.

‘माझा भैरवन,’ तो म्हणाला. ‘तोही हाकेला येत नाही.’

भैरवन म्हणजे त्याच्या घरचा कुत्रा, संगूच्याच आईच्या पोटचा. तुळसीच्या पाळण्याखाली झोपायचा. अजूनही तिच्या खाटेखालीच झोपतो.

‘तुम्हीच म्हणालात,’ रंगन मामा म्हणाला, ‘अस्सल आहे म्हणून येत नाही.’

‘मी म्हणालो होतो.’

‘मी मिरवत होतो ते. गिरणीत सगळ्यांना सांगत होतो.’

‘घरी जा,’ ताता म्हणाले. ‘मागं उभा राहा. पाय आपटू नकोस. पोरीला आधी बाजूला घे.’

रंगन मामा गेला. धावला नाही, पण ते चालणं धावण्यासारखंच होतं. डॉक्टर पेटी उघडी टाकून तसेच उभे. बंगारू राजांनी पानाची चंची काढली आणि न उघडताच हातात धरून ठेवली. कोदैने संगूच्या मानेत बोटं घातली. मामाला काय सापडावं असं मागायचं, हेच तिला कळेना. भैरवन बहिरा निघाला तर संगू कदाचित वाचेल. पण भैरवन बहिरा निघावा असं मागायचं कसं, तुळसीच्या खाटेखाली झोपणारा?

रंगन मामाच्या अंगणातून हाक ऐकू आली. ‘भैरवा.’ मग पुन्हा. मग ताटाचा आवाज, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा इतका जोरात, की ताट फुटलं असावं असं वाटलं. मग काहीच नाही. भुंकणं नाही, साखळीची खळखळ नाही. बराच वेळ नाही.

रंगन मामा परत आला तेव्हा त्याच्या कडेवर तुळसी होती. गालावर पांढरी पट्टी, एक डोळा सुजून बारीक झालेला. तिला संगू दिसला आणि तिने बापाची मान घट्ट धरली, पण बघत राहिली.

‘डॉक्टर,’ मामा म्हणाला, ‘ती सुई बंद करा. माझ्या घरी चला. बहिरं जनावर लेकराच्या घरात कसं ठेवायचं, ते सांगा. ठेवता येत नसेल तर तेही सांगा.’ मग तो ताताकडं बघून म्हणाला, कालपासून पहिल्यांदाच सरळ बघून, ‘तुमच्याकडं आता वैजयंती व्यालीय ना?’

‘व्यालीय.’

‘त्यातलं एकही कुणाला देऊ नका. कान बघितल्याशिवाय नाही.’

‘देणार नाही. जोडीही लावणार नाही, ह्याची नाही, कुणाचीच नाही. बंद.’ तातांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं. ‘आणि संगूसाठी कुंपण घालून घेतो. फाटकाला कडी. पोरांना मीच सांगेन, पुढून यायचं.’

बंगारू राजांनी मान हलवली. चावडीचा निकाल असा कुणी बोलून दाखवत नाही. थोरले उठले, की लागला. ते उठले. उठता उठता म्हणाले, ‘माझ्याकडची म्हातारी पण हाकेला येत नाही रे सिंगा. मला वाटायचं, माझाच आवाज गेला.’

माणसं एकेक करून उतरली आणि नेहमीसारखी रेंगाळत, गप्पा मारत न बसता सरळ आपापल्या घरी गेली. कोदै, ताता आणि संगू जोत्यावर तिघंच उरले.

आधी बंगारू राजांच्या वाड्यातून एक ताट वाजलं. मग कोपऱ्यावरच्या घरातून डबा. मग मागच्या गल्लीत, मग देवळापलीकडं. नावं ऐकू यायला लागली: राणी, वेलन, चिन्ना, राणी. कुठं लगेच भुंकणं आलं आणि मागोमाग एखाद्या बाईचं सुटल्यासारखं हसणं. कुठं हाक पुन्हा मारली गेली, आणखी मोठ्यांदा, आणि तिसऱ्यांदा मारताना आवाज बसला.

ताता मान खाली घालून प्रत्येक घर ऐकत होते. ‘चिन्ना,’ त्या हाकेला कुणी उत्तर देईना. त्यांनी डोळे मिटले.

‘चला घरी, ताता,’ कोदै म्हणाली.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘सगळ्यांचं होऊ दे.’